चौथा रकाना

जनसुनावणी साडेदहाची. सुरू झाली पावणेबाराला,
कारण माइकला दम लागत होता.
मी बाजूला, पत्र्याच्या टेबलाशी, इतिवृत्त लिहायला.
तीन रकाने: नाव. बाजूने. विरोधात.
चौथा मागितला होता मी साहेबांकडे.
"कशाला?" म्हणाले.
मलाही सांगता आलं नाही.

विषय, जसा पत्रकात होता:
घरांची टंचाई असेपर्यंत भाडेकरूला घराबाहेर काढू नये
हे कलम आता काढून टाकावे काय.
काढू नये, काढून टाकावे.
एका क्रियापदावर अर्धं नाशिक हमरीतुमरीवर.

टोकन चार, इद्रिस कोकणी:
"कलम आहे म्हणून कुणी खोली देईनाच.
कुलूप परवडतं, भाडेकरू परवडत नाही, असं झालंय साहेब.
आमच्या एका गल्लीत सात कुलपं मोजून दाखवतो."
टाळ्या. मी लिहिलं, बाजूने.

टोकन नऊ, सिसिलिया भालेराव, शरणपूर,
रात्रपाळी करून थेट आलेली नर्स. बोलता बोलता पेंगत होती.
"अकरा महिन्यांत पाच घरं पाहिली.
मालक म्हणतात, सिंहस्थ येतोय,
एका रात्रीचे तुमच्या महिन्याइतके मिळतील.
देव बारा वर्षांनी येतो हो.
मी रोज येते, ड्यूटीवरून."
लोक हसले. ती नाही हसली. विरोधात.

एक वकील, खूप वेळ.
एक बिल्डर, त्याहून कमी, पण फाईल घेऊन.
अंबडहून पाळी सुटून आलेला पोरगा, नखांत ग्रीस,
माइकसमोर उभा राहून नुसता घराचा पत्ता म्हणाला,
पूर्ण, खोली नंबर, पिनकोडसकट,
आणि खाली बसला.
त्याला कुठे घालू?

मग टोकन एकतीस.
क्षेमकल्याणी काका, जेल रोड, प्रेसमधून निवृत्त.
माझ्या वरचा मजला त्यांचा.
माझाही त्यांचाच.

"आयुष्यभर नोटा छापल्या," ते म्हणाले,
"आणि रोज घरी निघताना झडती दिली.
त्यातून उभे राहिले हे दोन मजले.
आता पोरगी परत आलीय, लेकरासकट. हॉलमध्ये झोपते.
खाली एक बाई राहतात. चांगल्या आहेत.
भाडं पाच तारखेच्या आत.
सहा वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकला नाही.
त्यांना 'जा' म्हणायचा हक्क मला हवाय.
म्हणेनच असं नाही."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
न पाहण्यासाठी मान जितकी वळवावी लागते
तितकी वळवलेली होती.

खिळा. करारातलं कलम सात.
बाबांचा फोटो अजून ट्रंकेत आहे,
शालीच्या घडीत, तोंड वर करून.
कॅलेंडर खिडकीच्या गजाला, सुतळीनं.
मी लिहिलं, बाजूने.
अक्षर नेहमीसारखंच आलं. त्याचाच राग आला.
टोकन मला नव्हतं. लिहिणाऱ्याला देत नाहीत.

पाच वाजता गेटपाशी स्कूटर.
"बसा. रिक्षावाले आज काय वाट्टेल ते मागतायत."
बसले, मध्ये पर्स धरून.
द्वारकेला वीस मिनिटं अडकलो, ट्रकच्या धुरात,
त्यांच्या शर्टाची कॉलर उसवलेली माझ्या डोळ्यांसमोर.
कुणी काही बोललं नाही.
उपनगर नाक्यावर त्यांनी पुढे बघतच विचारलं,
"नाव नीट लिहिलंत ना माझं?
लोक काहीही लिहितात, क्षीरसागर लिहितात."
"नीट लिहिलंय," मी म्हणाले. "क्षेम, मग कल्याण."
"हं."

दाराशी उतरले. त्यांनी जाऊन पाण्याची मोटर लावली,
माझी टाकी आधी भरू दिली.
रात्री उशिरापर्यंत माझ्या छतावर,
म्हणजे त्यांच्या फरशीवर,
लेकरू पळत होतं
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
आणि परत,
पावलं मोजल्यासारखं.